ग्रेस्केल इमेजमधून गेमच्या मॅपचे डोंगर कसे उभे राहतात

गेममधला एखादा मोठा मॅप बघताना, म्हणजे लांबवर डोंगररांगा, मध्ये दरी, खाली नदीचं पात्र वगैरे, असं वाटतं की हे सगळं कोणीतरी थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बसून एकेक दगड करत घडवलं असणार. बऱ्याचदा तसं नसतं. त्या सगळ्या जमिनीच्या मुळाशी एक साधी ग्रेस्केल इमेज असते, काळा, पांढरा आणि मधल्या करड्या छटा, बस एवढंच. तिला हाइटमॅप म्हणतात. नियम एकच, पिक्सेल जितका उजळ तितकी ती जागा उंच, पूर्ण काळा म्हणजे सगळ्यात खालची पातळी, पूर्ण पांढरा म्हणजे सगळ्यात उंच शिखर आणि करडा म्हणजे त्याच्या मधे कुठेतरी.

ऐकायला सोपं आहे आणि खरंच सोपं आहे, पण नवीन शिकणारे ज्या ज्या ठिकाणी अडकतात ते बहुतेक एकाच कारणामुळे, ते या फाइलकडे फोटोसारखं बघतात. ही फाइल म्हणजे आकड्यांचा एक मोठा तक्ता आहे, प्रत्येक खान्यात त्या जागेची उंची लिहिलेली, आणि तो तक्ता इमेज म्हणून साठवलाय कारण इमेज उघडायला, रंगवायला, कापायला, ब्लर करायला टूल्स सगळ्यांकडे आधीपासून असतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या भानगडी कुठून येतात ते आपोआप कळतं.

गेमचं इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनतो आणि चालतो ते, काय करतं बघा. ते आधी एक सपाट चौकोनी जाळी घेतं, आणि जाळीच्या प्रत्येक गाठीला हाइटमॅपमधला एक पिक्सेल नेमून देतं. मग पिक्सेलचा आकडा वाचायचा, त्याला त्या इमेजमधल्या सगळ्यात मोठ्या शक्य आकड्याने भागायचं, आणि आपण सांगितलेल्या कमाल उंचीने गुणायचं. समजा कमाल उंची ६०० मीटर ठेवलीय आणि आठ बिटच्या इमेजमध्ये, म्हणजे जिथे आकडे ० ते २५५ असतात, पिक्सेलची किंमत १२८ आहे, तर १२८ भागिले २५५ गुणिले ६००, म्हणजे साधारण ३०१ मीटर, ती गाठ तेवढी वर उचलायची. अशा सगळ्या गाठी उचलल्या की जाळी एखाद्या जमिनीवर अंथरलेल्या चादरीसारखी ठिकठिकाणी वर खेचली जाते आणि डोंगर तयार. प्लेयरचा पाय दोन गाठींच्या मधे पडला तर आजूबाजूच्या गाठींच्या उंचीवरून मधली उंची काढली जाते, म्हणून चालताना धक्के बसत नाहीत.

यात एक गोष्ट लक्षात आली का, इमेजला स्वतःला मीटर माहीतच नसतात. एक पिक्सेल जमिनीवर किती मीटरचा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती मीटरचा फरक, हे दोन्ही तुम्हीच इंजिनला सांगायचं असतं. तीच इमेज १ किलोमीटर रुंद मॅपवर १००० मीटर उंचीने लावली तर सुयांसारखे सुळके दिसतील आणि २० किलोमीटरच्या मॅपवर तेवढ्याच उंचीने लावली तर निवांत टेकड्या. त्यामुळे कोणी नुसती हाइटमॅपची फाइल पाठवली आणि हे दोन आकडे पाठवले नाहीत तर अर्धीच माहिती मिळाली असं समजा, आणि कृपा करून ते आकडे फाइलच्या नावातच लिहून ठेवायची सवय लावा.

एवढा उद्योग करण्यापेक्षा सरळ थ्रीडी मॉडेलच का नाही साठवत? जागा वाचते म्हणून. ४०९७ गुणिले ४०९७ चा हाइटमॅप घेतला तर त्यात १ कोटी ६७ लाखांपेक्षा जास्त बिंदू होतात, सोळा बिटमध्ये प्रत्येक बिंदूला दोन बाइट, म्हणजे सगळं मिळून साधारण ३३ एमबी. तेच प्रत्येक बिंदूची पूर्ण जागा तीन आकड्यांत नेहमीच्या पद्धतीने लिहिली तर प्रत्येकी बारा बाइट, म्हणजे २०० एमबीच्या पुढे, आणि त्यात त्रिकोण कसे जोडायचे ती यादी अजून धरलेलीच नाही. हाइटमॅपमध्ये बिंदूची लांबी-रुंदीतली जागा पिक्सेलच्या स्थानावरूनच कळते, लिहायची गरजच पडत नाही. शिवाय लांबचा भाग कमी बारकाईने दाखवायचा असेल तर एक सोडून एक पिक्सेल वाचला की झालं. ही आयडिया जुनी आहे, १९९२ सालच्या कोमांचे नावाच्या हेलिकॉप्टर गेममध्ये एक उंचीची आणि एक रंगाची अशा दोन इमेज वापरून अख्खी दऱ्याखोऱ्यांची जमीन दाखवली होती, तीही थ्रीडी ग्राफिक्स कार्ड घरोघरी पोचायच्या आधीच्या काळात.

तुम्ही म्हणाल हे ४०९७ काय, ४०९६ का नाही. जाळीचे ४०९६ खण हवे असतील तर कडेच्या धरून गाठी ४०९७ लागतात, एवढं साधं कारण आहे. म्हणून युनिटी या गेम इंजिनमध्ये साइज ५१३, १०२५, २०४९, ४०९७ अशा असतात. अनरियल या दुसऱ्या इंजिनमध्ये मात्र ५०५, १००९, २०१७, ४०३३ असे विचित्र वाटणारे आकडे सुचवलेले असतात, तिथे जमीन ६३ खणांच्या तुकड्यांत कापली जाते, ६३ गुणिले १६ म्हणजे १००८ आणि अधिक एक १००९, हिशोब तोच. सिटीज स्कायलाइन्सच्या पहिल्या गेमला १०८१ गुणिले १०८१ ची इमेज लागते, १०८० खण आणि प्रत्येक खण १६ मीटर, म्हणजे बरोबर १७.२८ किलोमीटरचा मॅप. चुकीच्या साइजची इमेज दिली तर काही टूल्स गुपचूप ताणून बसवतात, काही एरर देतात. मला विचाराल तर एरर देणारं टूल बरं, निदान कळतं तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, बिट. जास्तीत जास्त लोकांचे मॅप इथे बिघडतात म्हणून थोडं सविस्तर सांगतो. नेहमीच्या ग्रेस्केल इमेजमध्ये प्रत्येक पिक्सेलला आठ बिट असतात, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ छटा. फोटोसाठी हे भरपूर झालं, डोळ्याला फरक कळत नाही. पण १००० मीटरचा डोंगर २५६ पातळ्यांत बसवला की एका पातळीपासून दुसरीपर्यंत जवळपास ३.९ मीटरचा फरक पडतो. मधली उंची लिहायला जागाच नाही. मग जो उतार गुळगुळीत यायला पाहिजे तिथे दोन माणसांच्या उंचीच्या पायऱ्या पायऱ्या दिसायला लागतात, विशेषतः जिथे उतार कमी आहे तिथे, कारण तिथे एकच छटा कितीतरी पिक्सेल चालू राहते आणि मग एकदम पुढची छटा येते. एव्हरेस्टएवढी म्हणजे ८,८४९ मीटरची उंची समुद्रसपाटीपासून आठ बिटमध्ये बसवायला गेलात तर एकेक पायरी साधारण ३५ मीटरची, दहा मजली इमारतीएवढी!

सोळा बिटमध्ये ६५,५३६ पातळ्या मिळतात. त्याच १००० मीटरला आता पायरी दीड सेंटिमीटरची, कोणाला दिसणारही नाही. त्यामुळे हाइटमॅप म्हटलं की सोळा बिट, हा नियमच समजा, याहून कमी नको. त्यातही एक फसवणूक अशी की दोन्ही इमेज स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवल्या तरी सारख्याच दिसतात, त्यामुळे डोळ्याने बघून खात्री होत नाही, फाइलची माहिती उघडूनच बघावं लागतं. आणि आठ बिटची फाइल उघडून सोळा बिट म्हणून सेव्ह केली तर पायऱ्या जात नाहीत, हरवलेले आकडे परत कुठून येणार, मोठ्या डब्यात तेच २५६ आकडे राहतात. नाइलाजच असेल तर आधी सोळा बिटमध्ये बदलायचं आणि मग हलकासा ब्लर द्यायचा, तेव्हा मधले आकडे तयार होतात आणि पायऱ्या विरघळतात, पण त्याबरोबर डोंगरांच्या धारदार कडाही बोथट होतात. आधी ब्लर आणि मग बदल असा उलटा क्रम केलात तर काहीच उपयोग नाही.

फाइल फॉरमॅटचं पण हेच. जेपीजी वापरू नका, अजिबात नाही. जेपीजी इमेजचे आठ गुणिले आठचे चौकोन करतं आणि डोळ्याला न दिसणारी माहिती फेकून देतं, पण इथे डोळा बघणारच नाहीये, इंजिन बघणार आहे, आणि त्याला ते चौकोन जमिनीवर उंचवटे म्हणून दिसतात. सोळा बिट पीएनजी किंवा टिफ चांगलं. रॉ फाइल पण चालते, मात्र त्यात नुसते आकडे असतात, रुंदी किती, बिट किती, काही लिहिलेलं नसतं, ते इम्पोर्ट करताना आपण सांगायचं. दोन बाइटमधला मोठा बाइट आधी की लहान आधी हेही सांगावं लागतं, आणि ते उलटं झालं तर जमिनीऐवजी खिळ्यांचं जंगल उगवतं.

अजून एक छुपा प्रकार म्हणजे गामा. रंगीत टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायची इमेज, इम्पोर्ट करताना इंजिन धरून चालतं की आकडे स्क्रीनसाठी वाकवलेले आहेत आणि ते वापरताना सरळ करतं. फोटोसाठी ते बरोबरच आहे. पण हाइटमॅप शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, टेक्स्चर म्हणून वापरत असाल आणि ती सेटिंग चालू राहिली, तर मधला करडा जो अर्ध्या उंचीवर यायला हवा तो सुमारे २१-२२ टक्क्यांवर येतो. मॅप तुटलेला दिसत नाही, म्हणूनच हे लवकर सापडत नाही, फक्त दऱ्या पसरट वाटतात आणि शिखरं उगाच टोकदार. सेटिंगमध्ये एसआरजीबी असं काही दिसलं तर ते बंद करा.

बरं, इमेज आणायची कुठून?

हाताने रंगवता येते. मऊ ब्रश घ्यायचा, काळ्यावर करडे पांढरे फटकारे मारायचे. पण नुसती रंगवलेली जमीन मऊमऊ, पिठाच्या गोळ्यांसारखी दिसते, कारण खऱ्या डोंगराला ओढे, घळी, कातळ असतात आणि ते ब्रशने येत नाहीत. हाताने फक्त ढोबळ आराखडा करावा, इथे रांग, इथे खोरं, इथे पठार, आणि बारीक काम दुसऱ्याकडून करून घ्यावं.

दुसरा मार्ग नॉइजचा. केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये त्यांच्या नॉइजची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती आजही सगळीकडे वापरली जाते. नुसते रँडम आकडे घेतले तर टीव्हीवरच्या मुंग्यांसारखी इमेज येते, एक पिक्सेल वर दुसरा खाली. पर्लिन नॉइजमध्ये शेजारचे आकडे एकमेकांना धरून हळूहळू बदलतात, त्यामुळे लाटांसारखी टेकाडं मिळतात. मग त्याचे थर चढवायचे, पहिल्या थरात दोन किलोमीटर रुंदीच्या आणि ४०० मीटर उंचीच्या मोठ्या लाटा, दुसऱ्यात एक किलोमीटर रुंदीच्या आणि २०० मीटरच्या, तिसऱ्यात अर्धा किलोमीटर आणि १०० मीटर, असं रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी करत जायचं आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. मोठा आकार पहिल्या थरातून येतो आणि खडबडीतपणा शेवटच्या थरांतून. डोंगराची धार हवी असेल तर नॉइज शून्याच्या खाली जातो तिथे तो वर दुमडायचा आणि सगळं उलटं करायचं, म्हणजे जिथे शून्य होतं तिथे धार तयार होते. छान दिसतं.

तरीपण फक्त नॉइजवर बनवलेला मॅप थोडा वेळ फिरलं की खोटा वाटायला लागतो, आणि का ते नीट समजून घेण्यासारखं आहे. नॉइजला पाणी माहीत नाही. खऱ्या जमिनीवर वरचा प्रत्येक ओघळ खालच्या ओढ्याला मिळतो, ओढा नदीला, आणि नदी कुठेतरी बाहेर पडते. नॉइजमध्ये जागोजागी नुसते खड्डे असतात ज्यातून पाण्याला वाटच नाही. म्हणून पुढची पायरी झीज, म्हणजे इरोजन. संगणकात त्या हाइटमॅपवर कुठेही एक पाण्याचा थेंब सोडायचा, तो उताराने खाली जाणार, वेग आणि उतार जास्त असेल तिथे माती उचलणार म्हणजे त्या पिक्सेलचा आकडा थोडा कमी करणार, सपाटीवर वेग कमी झाला की माती टाकणार म्हणजे आकडा थोडा वाढवणार. एका थेंबाने काहीच दिसत नाही, पण असे लाखो थेंब सोडले की आपोआप घळी पडतात, एकमेकींना मिळतात, आणि डोंगराच्या पायथ्याशी गाळाचे पंखे पसरतात. त्याच्या जोडीला दुसरी झीज असते घसरणीची, कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा तिरकी राहू शकत नाही, मग जिथे उतार त्याहून जास्त तिथून थोडं काढून खाली टाकायचं, परत मोजायचं, परत टाकायचं. केन मसग्रेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच हे दोन्ही प्रकार मांडले होते. आज वर्ल्ड मशीन, गेया, वर्ल्ड क्रिएटर, हुडिनी ही टूल्स हेच काम कितीतरी बारकाईने करतात. जमीन खरी वाटायला एकच गोष्ट निवडायची झाली तर मी डोळे झाकून इरोजन निवडेन, महागडं टेक्स्चर नाही.

तिसरा मार्ग खऱ्या पृथ्वीचा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवस रडारने पृथ्वी मोजली, ६० अंश उत्तरेपासून ५६ अंश दक्षिणेपर्यंत, म्हणजे जमिनीचा सुमारे ८० टक्के भाग. एसआरटीएम नावाने तो डेटा फुकट मिळतो. एक अंश गुणिले एक अंशाची एक फाइल, त्यात ३६०१ गुणिले ३६०१ आकडे, परत तोच अधिक एक बघा, आणि दोन आकड्यांत विषुववृत्तावर साधारण ३० मीटरचं अंतर. क्यूजीआयएस किंवा जीडाल ही नकाशाच्या डेटाची टूल्स वापरून ते सोळा बिट इमेजमध्ये बदलता येतं.

पण खरा डेटा म्हणजे लगेच छान मॅप असं नाही. विषुववृत्तापासून लांब गेलं की पूर्व-पश्चिम अंतर आकुंचन पावतं, ६० अंशांवर तर ते निम्मंच उरतं, म्हणून फाइल तशीच चौकोनी वापरली तर डोंगर बाजूला ताणलेले दिसतात, आधी प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत, बदलून घ्यावं लागतं. रडारला बऱ्याच ठिकाणी झाडांचा शेंडा दिसतो, जमीन नाही, त्यामुळे जंगलाची कड छोट्या कड्यासारखी येते. काही ठिकाणी मोजमापच झालेलं नाही आणि तिथे उणे ३२,७६८ हा आकडा भरलेला असतो, तो भरून काढला नाहीत तर मॅपमध्ये पाताळापर्यंत जाणारं भोक पडेल आणि बाकी सगळा डोंगर एकाच करड्या छटेत दबून जाईल. उंची पूर्ण मीटरमध्ये लिहिलेली असते, म्हणून सपाट भाग मोठा करून घेतला तर एकेक मीटरच्या पायऱ्या इथेही दिसतात. आणि ३० मीटरच्या अंतरात जे काही आहे, दगड, पायवाट, छोटा ओहोळ, ते डेटात नाहीच, इमेज मोठी करून ते येत नाही, त्यासाठी वरून थोडा नॉइज आणि इरोजन चढवावं लागतं.

शेजारशेजारचे तुकडे घेताना तर फारच जपायला हवं. टूल बऱ्याचदा प्रत्येक तुकड्यातला सगळ्यात खालचा बिंदू काळा आणि सगळ्यात वरचा पांढरा करून देतं. एका तुकड्यात १२० ते १०४० मीटर आहे आणि शेजारच्यात ३०० ते ७०० मीटर, तर दोघांचा पांढरा वेगवेगळा झाला आणि सांध्यावर सरळ भिंत उभी राहते. सगळ्या तुकड्यांना एकच किमान आणि एकच कमाल द्या, शक्यतो आधी जोडा आणि मग बदला.

इथे अजून एक गोष्ट सांगायलाच हवी कारण ती सारखी दिसते. लोक नकाशाच्या साइटवरून डोंगरांचा सावल्यांसकट छान ग्रे दिसणारा स्क्रीनशॉट घेतात किंवा सॅटेलाइट फोटो ग्रेस्केल करतात आणि तो हाइटमॅप म्हणून लावतात. त्यात उजळ म्हणजे ऊन पडलेली बाजू, गडद म्हणजे सावली, उंचीचा संबंधच नाही. मग शिखराच्या एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खोल खड्डा असं काहीतरी तयार होतं. खरा हाइटमॅप बघायला बहुधा धुरकट आणि कंटाळवाणा असतो, सुंदर सावल्या दिसत असतील तर ती वेगळीच इमेज आहे.

जमीन उभी राहिली की तीच इमेज रंगासाठीही कामाला येते. एखाद्या पिक्सेलच्या डाव्या शेजाऱ्याची उंची २०० मीटर, उजव्याची २१६, दोघांतलं अंतर २० मीटर, तर उतार ०.८, म्हणजे सुमारे ३९ अंश. असा उतार सगळीकडे काढायचा आणि सांगायचं की ४० अंशांच्या वर कातळ, खाली गवत, ठराविक उंचीच्या वर बर्फ, पण बर्फ तीव्र उतारावर नको. एवढ्या साध्या नियमांनी सुद्धा हाताने रंगवायचं खूप काम वाचतं.

या पद्धतीची मर्यादा पण ठरलेली आहे, एका पिक्सेलमध्ये एकच उंची. म्हणजे गुहा नाही, कमान नाही, पुढे झुकलेला कडा नाही. अगदी उभा कडा पण नीट येत नाही, चार मीटरच्या पिक्सेलवर १०० मीटरचा कडा केला तर एकाच खणाला ते सगळं ताणून पार करावं लागतं आणि त्यावरचं टेक्स्चर रबरासारखं लांबतं. म्हणून मोठमोठ्या गेममध्ये सुद्धा जमिनीचा ढोबळ आकार हाइटमॅपचा आणि कड्यांवर वेगळे खडकांचे मॉडेल चिकटवलेले असतात, गुहेसाठी जमिनीला भोक पाडून आत वेगळं मॉडेल ठेवतात. सगळीकडे खणता यायलाच हवं असा गेम असेल तर मात्र हाइटमॅप सोडून व्हॉक्सेलकडे, म्हणजे छोट्या छोट्या घनांनी जमीन बनवायच्या पद्धतीकडे, जावं लागतं, तो पूर्ण वेगळा विषय.

स्वतः करून बघणार असाल तर पहिल्यांदा डोंगर लावू नका. सोळा बिटमध्ये डावीकडे काळा ते उजवीकडे पांढरा असा एकसारखा ग्रेडियंट करा, वरच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका द्या, आणि तो तुमच्या इंजिनमध्ये इम्पोर्ट करा. सरळ गुळगुळीत उतार आला तर सगळं ठीक. उतार पोटाकडे खचलेला, म्हणजे आधी सपाट आणि शेवटी एकदम चढ असा आला तर गामा. पायऱ्या आल्या तर कुठेतरी आठ बिट झालंय. खिळे आले तर बाइटचा क्रम उलटा. आणि ठिपका भलत्याच कोपऱ्यात दिसला तर इमेज उलटी किंवा फिरलेली वाचली जातेय, काही टूल्स ओळी वरून मोजतात आणि काही खालून, ते आत्ताच ठरवून टाका, कारण रस्ते आणि झाडं लावून झाल्यावर मॅप उलटा आहे हे कळलं तर सगळं परत लावावं लागतं.